दारावरचे नाव

साहित्यसंमेलनांचा इतिहास लिहिताना अध्यक्षीय भाषणे आणि ठराव यांची नोंद आपण निष्ठेने करतो. दारात काय घडले, हे सहसा कोणी लिहीत नाही. आम्हांला मात्र एका संमेलनाच्या बाबतीत व्यासपीठापेक्षा दारच अधिक बोलके वाटत आले आहे. ते संमेलन मराठी नव्हे. न्यूयॉर्क शहरात २ ते ४ जुलै १९३९ या तीन दिवसांत विज्ञानकथेच्या वाचकांनी ते भरवले होते. त्या वर्षी तेथे जागतिक प्रदर्शन चालू होते, तेव्हा जेमतेम दोनशे माणसांच्या आपल्या मेळाव्यालाही त्यांनी ‘जागतिक’ हे विशेषण लावून टाकले. (‘अखिल भारतीय’ या विशेषणाशी ज्यांचा परिचय आहे त्यांना यात नवल वाटू नये.) पुढे मात्र ते विशेषण हळूहळू खरे होत गेले. ‘वर्ल्डकॉन’ या नावाने ते संमेलन, महायुद्धातील चार वर्षांचा खंड वगळता, अजूनही दरवर्षी भरते.

पहिला दिवस रविवार होता. एकोणसाठाव्या रस्त्यावरच्या कॅरॅव्हान हॉलमध्ये त्या दिवशी एकोणीस वर्षांचा एक मुलगा आला. नाव आयझॅक असिमॉव्ह. ब्रुकलिनमध्ये वडिलांचे गोळ्याचॉकलेटांचे आणि मासिकांचे दुकान. तेथे विक्रीला आलेली मासिके वाचून या मुलाला विज्ञानकथेचे वेड लागलेले. त्याच्या तीन कथा तोवर छापून आल्या होत्या. त्यांतील तिसरी तर ‘अस्टाउंडिंग’च्या त्याच महिन्याच्या अंकात होती आणि त्या मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल संमेलनाला उपस्थित होते. नवख्या लेखकाला याहून शुभ मुहूर्त कोणता? मुलगा दारातून आत गेला. त्याला कोणी अडवले नाही.

त्याच्या सहा मित्रांना मात्र त्याच दारात अडवण्यात आले. डोनाल्ड वॉलहाइम, फ्रेडरिक पोल, जॉन मिशेल, रॉबर्ट लाउन्ड्स, जॅक गिलेस्पी आणि सिरिल कॉर्नब्लुथ ही त्यांची नावे. हे सारे ‘फ्युच्युरियन’ नावाच्या मंडळाचे सदस्य होते, आणि असिमॉव्हही त्याच मंडळाचा. डाव्या विचारांची, भांडखोर, वादविवादात रमणारी ही मुले संमेलन उधळतील अशी भीती आयोजकांना वाटली. त्यातच सभागृहातल्या एका रेडिएटरखाली आयोजकांवर टीका करणाऱ्या पत्रकांचा गठ्ठा सापडला, आणि मग संशयाला पुरावाच मिळाला. गंमत अशी की ते पत्रक लिहिणारा डेव्हिड काइल हा त्या सहांमधला नव्हताच. तो आत सुखरूप बसला होता.

या प्रसंगातील माणसांची वये पाहण्यासारखी आहेत. आयोजकांचा म्होरक्या सॅम मॉस्कोविट्झ याला एकोणीस वर्षे पूर्ण होऊन दोनच दिवस झाले होते. बाहेर उभ्या असलेल्या कॉर्नब्लुथचा तर त्याच दिवशी सोळावा वाढदिवस होता. म्हणजे पोरांचे भांडण म्हणून हे सोडून देता येईल. आम्ही तसे सोडून देत नाही. साहित्यातली बरीचशी भांडणे पोरवयातल्या भांडणांसारखीच असतात. फरक इतकाच, की पुढे ती करणाऱ्यांचे केस पिकलेले असतात आणि हातात एखादी समिती असते.

गोंधळ न घालण्याचे वचन दिल्यास आत सोडतो, असे आपण त्यांना सुचवले होते, असे मॉस्कोविट्झने नंतर लिहिले. पोलने १९७८ साली आत्मकथनात आपली बाजू मांडली. या दोन्ही हकीकतींपेक्षा आम्हांला असिमॉव्हची हकीकत अधिक मोलाची वाटते, कारण तो दोन्ही बाजूंना होता. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राच्या पहिल्या खंडात तो या दिवसाविषयी मनमोकळेपणाने लिहितो. मित्र बाहेर आहेत हे माहीत असूनही आपण आतच थांबलो. व्यासपीठावर बोलावले गेल्यावर वर गेलो. स्वतःचीच थट्टा करणारे काहीतरी बोलून खाली उतरलो. आणि ही गोष्ट आपल्याला पुढे सलत राहिली. तो बाहेर का आला नाही? त्याचे उत्तर अवघड नाही. ज्या संपादकाच्या पसंतीवर आपले सारे लेखन अवलंबून आहे तो आत बसलेला असताना, एकोणीस वर्षांचा कोणता लेखक बाहेर येईल? आम्ही त्या जागी असतो तर काय केले असते, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारून पाहिला आहे. उत्तर येथे लिहिण्याजोगे नाही.

त्या संमेलनाची उजळ बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमचे म्हणणे एकांगी होईल. लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर वृत्तपत्रे विकणारा रे ब्रॅडबरी नावाचा अठरा वर्षांचा मुलगा फॉरेस्ट अकरमन या चाहत्याकडून उसने पैसे घेऊन बसने अख्खा देश ओलांडून तेथे आला होता. त्याची स्वतःची कथा अजून कोणी पैसे देऊन छापलेली नव्हती. तरीही त्याने बरोबर काय आणले होते, तर हॅनेस बॉक या आपल्या मित्राची चित्रे. ती त्याने ‘विअर्ड टेल्स’च्या संपादकांना दाखवली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरच्या अंकावर बॉकचे मुखपृष्ठ झळकले. स्वतःच्या कथांआधी मित्राच्या चित्रांची वकिली करणारा होतकरू लेखक आमच्या पाहण्यात तरी फारसा आलेला नाही.

हे घडू शकले याचे कारण त्या संमेलनाच्या घडणीत आहे. ते वाचकांनी भरवलेले होते. ह्यूगो गर्न्सबॅकने १९२६ साली ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक काढले आणि त्यातील वाचकांच्या पत्रांखाली त्यांचे पत्ते छापायला सुरुवात केली. झाले! वाचक संपादकाला लिहिता लिहिता एकमेकांना लिहू लागले, एकमेकांना शोधू लागले, मंडळे स्थापू लागले. त्या मंडळांतून संमेलन निघाले. आजही वर्ल्डकॉनचा कारभार स्वयंसेवकच पाहतात, सदस्यत्वाचे शुल्क वाचकाप्रमाणे बहुतेक लेखकही भरतात, आणि १९५३ पासून दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार सदस्यांच्या मतांनी ठरतो. शासनाचे अनुदान नाही, स्वागताध्यक्षपदी राजकीय पुढारी नाही. लेखक तेथे वाचकांच्या गर्दीत वावरतो, परिसंवादात बोलतो, रात्री उपाहारगृहात त्यांच्याशीच वाद घालतो. मराठीत वाचकाने लेखकाच्या इतके जवळ जाण्याची सोय संमेलनाच्या मांडवात नाही. तेथे वाचकाच्या वाट्याला खुर्च्यांची मागची रांग आणि ग्रंथविक्रीचे दालन येते.

परंतु जवळीक ही गोष्ट निखळ गुणाची नव्हे. हाच असिमॉव्ह पुढे संमेलनांचा लाडका झाला. १९५५ साली क्लीव्हलंडला सन्माननीय पाहुणा होता. त्याच संमेलनांत स्त्रियांशी त्याचे सलगीचे, अंगाला हात लावणारे वागणे सर्वांना माहीत होते, आणि सर्वांनी ते वर्षानुवर्षे विनोदावारी नेले. ज्या स्त्रिया त्यामुळे संमेलनाला येईनाशा झाल्या असतील त्यांना दारात कोणी अडवले नव्हते. त्यामुळे त्यांची यादीही कोठे नाही. लहानपणी ज्या दाराने त्याला सलणारी आठवण दिली, त्या दाराच्या आत मोठेपणी तो असा वागला, हे आम्ही वाचले तेव्हा त्याच्या कथा शिकवताना काही दिवस अडखळल्यासारखे झाले. कथा शिकवणे आम्ही सोडलेले नाही. चरित्र बाजूला ठेवून कथा शिकवण्याची जुनी सवय मात्र सुटली.

नावे अडवण्याची रीतही संपलेली नाही. २०२३ साली वर्ल्डकॉन चीनमधील चेंगडू येथे भरले. त्या वर्षीच्या ह्यूगोच्या नामांकनांचे आकडे जानेवारी २०२४ मध्ये बाहेर आले, तेव्हा आर. एफ. क्वांग यांच्या ‘बेबल’ या कादंबरीला पुरेशी मते मिळूनही ती ‘अपात्र’ ठरवली गेल्याचे दिसले. शिरान जे झाओ यांच्या बाबतीतही तेच. कारण दिलेले नव्हते. नंतर उघडकीस आलेल्या पत्रव्यवहारावरून असे दिसले, की पुरस्काराचे काम पाहणाऱ्या पाश्चात्त्य स्वयंसेवकांनी लेखकांच्या राजकीय मतांची टिपणे आधीच करून ठेवली होती. १९३९ मध्ये निदान माणसे समोरासमोर उभी होती. मॉस्कोविट्झने ‘नाही’ म्हटले ते त्यांच्या तोंडावर. चेंगडूत दार बंद झाल्याचेही संबंधितांना काही महिन्यांनी कळले.

आता मराठीकडे वळतो, कारण दारावरच्या नावाची एक निराळी गोष्ट आपल्या विज्ञानकथेत आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे नाव जयंत विष्णू नारळीकरांनी आपली आद्याक्षरे उलटी करून घेतले होते, आणि परीक्षकांनी हस्ताक्षर ओळखू नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली होती. आपले नाव पाहून दार आपोआप उघडेल, या शंकेने त्यांनी नाव दाराबाहेर ठेवले. कॅरॅव्हान हॉलच्या दाराशी उलटे घडले: नावे पाहून दार मिटले. दोन्ही ठिकाणी कथा वाचण्याआधी नाव वाचले जाते, हे गृहीत धरलेलेच आहे.

ही स्पर्धा विज्ञान परिषदेची होती, साहित्य संस्थेची नव्हती, हेही विसरू नये. आमच्या मते मराठी विज्ञानकथेचे मोठे दुखणे येथे आहे. तिला विज्ञानप्रसाराने घर दिले, लेखक दिले, उद्देश दिला. तिच्याभोवती भांडणारा, मंडळे काढणारा, उसने पैसे घेऊन बसने येणारा वाचकवर्ग उभा राहिला नाही. साहित्य महामंडळाने नारळीकरांना अध्यक्षपद दिले ते २०२१ साली, नाशिकच्या चौऱ्याण्णवाव्या संमेलनात. तोवर त्यांनी ऐंशी ओलांडली होती आणि प्रकृतीमुळे ते प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत. त्यावर आपल्याकडे वाद झाला तो अध्यक्ष आले नाहीत म्हणून. विज्ञानकथालेखक त्या खुर्चीपर्यंत पोहोचायला इतकी वर्षे का लागली, यावर फारसे कोणी बोलले नाही. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले.

आमचे काही सहकारी म्हणतील की मराठी संमेलनात दार सर्वांना उघडे असते. असते खरे. पण १८८५ साली ग्रंथकार सभेचे निमंत्रण महात्मा फुल्यांनी का नाकारले, हे त्यांचे पत्र वाचलेल्याला सांगायला नको. उघड्या दारातूनही आत न जाण्याची कारणे असू शकतात.

राहता राहिले ते सहा जण. त्यांनी आपली निराळी छोटी सभा भरवली, आणि मुख्य संमेलनाला आलेल्यांपैकी काही जण तिलाही जाऊन आले. वॉलहाइमने १९७१ मध्ये स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. लाउन्ड्स मासिकांचा संपादक झाला. पोल आणि कॉर्नब्लुथ यांनी मिळून लिहिलेली ‘द स्पेस मर्चंट्स’ ही जाहिरातयुगावरची कादंबरी १९५३ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि अजून वाचली जाते. कॉर्नब्लुथ चौतिसाव्या वर्षी गेला. पोलच्या संपादनाखालील ‘इफ’ मासिकाला १९६६ पासून सलग तीन वर्षे ह्यूगो मिळाला, आणि तो त्याला मिळाला ज्या संमेलनाच्या पहिल्या दिवशी त्याला आत सोडले नव्हते, त्याच संमेलनात.