निवृत्त व्हायला आधी रुजू व्हावे लागते

गेल्या स्नेहसंमेलनात पारितोषिक वितरणाच्या वेळी प्रमुख पाहुण्यांनी आपल्या मुलींच्या व्हॉलीबॉल संघाचे तोंड भरून कौतुक केले. टाळ्याही पुष्कळ पडल्या. मी मागच्या रांगेत बसून मनाशी मोजत होतो, की यांतल्या किती जणींच्या हातात तीन वर्षांनी चेंडू असेल. हिशेब काही चांगला आला नाही. शेजारच्या प्राध्यापक मित्राला तो बोलून दाखवला, तेव्हा ते म्हणाले, "अहो, खेळाडूला कधी ना कधी निवृत्त व्हावेच लागते." या 'निवृत्त' शब्दाशी माझे भांडण आहे, आणि ते भांडण बरेच जुने आहे.

मी मूळचा सौंसरचा. सौंसर आणि पांढुर्णा हे तालुके मध्य प्रदेशात, पण घराघरांत बोली मराठी, शेतात संत्री आणि कापूस, बाजार आणि दवाखाना नागपूरला. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली. नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले, आम्ही छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशातच राहिलो. (२०२३ साली या दोन तालुक्यांचा पांढुर्णा नावाचा स्वतंत्र जिल्हा झाला.) सीमा म्हणजे काय, हे ज्या अंकात मराठी आणि कन्नड पाने एकाच दोऱ्याने शिवलेली असतात त्याच्या वाचकांना मी काय सांगावे? एवढेच सांगतो की आमच्याकडे ती सर्वांत जास्त कोणाला जाणवत असेल तर खेळणाऱ्या मुलीला. नागपूर बसने दोन-अडीच तासांवर. पण निवड चाचणीला जायचे जबलपूरला. छोट्या लाईनच्या गाडीने छिंदवाडा, नैनपूर करीत जायचे, म्हणजे सगळा सातपुडा ओलांडायचा. एका दिवसात परत येणे शक्यच नव्हते. आणि मुलगी रात्रभर बाहेर राहणार, म्हणजे सोबत कोणीतरी हवे!

माझी थोरली बहीण लिफ्टर होती. स्मॅश मारणारीचे नाव होते, तिला चेंडू हवा तिथे उचलून देणारीकडे कोणाचे लक्ष नसते. पण संघ तिच्या बोटांवर चालतो. ताईच्या बोटांतून चेंडू निघताना आवाज येत नसे. १९७७ साली ती पहिल्यांदा जबलपूरला गेली तेव्हा सोबत म्हणून मला पाठवले होते. मी अकरा वर्षांचा. अकरा वर्षांचा मुलगा एकोणीस वर्षांच्या मुलीचे रक्षण कसे करणार, हा प्रश्न घरात कोणालाही पडला नाही. प्रवासभर माझी पिशवी तीच सांभाळत होती. त्या वर्षी ती राखीव खेळाडूंत आली.

पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणे आले. त्याच दोन दिवसांत आमच्या शाळेचा क्रिकेटचा सामना होता आणि मला अकरावा गडी म्हणून घेतले होते. मी जाणार नाही म्हणून हटून बसलो. वडिलांना रजा नव्हती. ताईने एकदा माझ्याकडे पाहिले आणि पिशवी खुंटीला लावली. त्या सामन्यात मला फलंदाजी मिळाली नाही, हेही सांगून टाकतो. १९८० साली तिचे लग्न होऊन ती पांढुर्ण्याला गेली. तिला कोणी निवृत्त केले नाही, तिनेही निवृत्ती घेतली नाही. ती फक्त थांबली.

कोणी म्हणेल, एका घरची गोष्ट. बरे, मग देशाची यादी पाहू. व्हॉलीबॉलसाठी आजवर वीसहून अधिक अर्जुन पुरस्कार दिले गेले. त्यांत महिला तीन: १९७३ साली जी. मालिनी रेड्डी, १९७५ साली के. सी. एलम्मा आणि १९८४ साली सॅली जोसेफ. त्यानंतर एकही नाही. मुली खेळायच्या थांबल्या म्हणावे, तर तसेही नाही. केरळच्या आणि रेल्वेच्या महिला संघांनी पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू दिल्या. त्याचे कारण मुळीच गूढ नाही. रेल्वेने, पोलीस खात्याने, केरळच्या वीजमंडळाने खेळणाऱ्या मुलींना नोकऱ्या दिल्या. महिन्याला पगार आणणाऱ्या मुलीला "आता खेळ पुरे" असे म्हणताना घर दोनदा विचार करते. उलट, २०१९ साली प्रो व्हॉलीबॉल लीग आणि २०२२ साली प्राइम व्हॉलीबॉल लीग सुरू झाली, पैसा आला, दूरदर्शन संचावर सामने आले. दोन्ही पुरुषांच्या संघांच्या.

जपानचे उदाहरण तर अभ्यासण्याजोगे आहे. १९६४ साली टोकियो ऑलिम्पिकमध्ये व्हॉलीबॉल पहिल्यांदा आला, आणि महिलांचे सुवर्णपदक जपानने सोव्हिएत संघाला सरळ तीन सेटमध्ये हरवून घेतले. तो संघ जवळजवळ सगळा ओसाकाजवळच्या निचिबो नावाच्या सूतगिरणीचा. मुली दिवसा गिरणीच्या कचेरीत काम करीत आणि दुपारनंतर प्रशिक्षक दाईमात्सू यांच्या हाताखाली मध्यरात्रीपर्यंत सराव करीत. जमिनीवर लोळण घेऊन चेंडू उचलायचा आणि त्याच झोकात उभे राहायचे, ही त्यांची युक्ती पुढे जगाने उचलली. दाईमात्सूंची शिस्त निर्दय होती; ती मला आदर्श वाटत नाही आणि आपल्या मुलींवर कोणी लादू नये. पण पगार, मैदान आणि सरावाची ठरलेली वेळ या तीन गोष्टी त्यांच्याजवळ होत्या.

तरी तिथेही लग्नाचा प्रश्न होताच! कर्णधार मासाए कासाई तेव्हा एकतीस वर्षांच्या होत्या. ऑलिम्पिकनंतर खुद्द पंतप्रधान सातो यांच्या मध्यस्थीने त्यांचे लग्न जमले. सुवर्णपदक जिंकलेल्या बाईच्या स्थळाची चिंता पंतप्रधानांना पडावी, यावर हसावे की काय करावे कळत नाही. परंतु पुढची गोष्ट मला पदकाहून मोठी वाटते. १९७० पासून जपानात गृहिणींच्या व्हॉलीबॉलची राष्ट्रीय स्पर्धा भरू लागली. मुलाबाळांच्या आया संध्याकाळी शाळेच्या मैदानावर जमून खेळतात, आणि कासाईंनी नंतरच्या आयुष्यात हाच खेळ वाढवला. २०१३ साली त्या वारल्या, तोपर्यंत त्यांचा खेळाशी संबंध सुटला नव्हता. अशा बाईला निवृत्त म्हणायला माझी हरकत नाही.

आमच्या पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. मध्ये पळसाचे झाड रोवलेले, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि दोन्हीकडून दगड. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावची मुलगी पळवून नेत होता, नदीत गाठले, तेव्हापासून हे चालू आहे म्हणतात. मी ऐकलेल्या कथेत त्या मुलीला नाव नाही, आणि तिला कोणत्या काठावर जायचे होते हेही कोणी सांगत नाही. त्या एका दिवसासाठी सारे गाव कामधंदा सोडून जमते. मुलींच्या सामन्याला त्यातली पन्नास माणसे आली असती, तर ताईच्या वडिलांना, म्हणजे माझ्याच वडिलांना, रजा मिळाली असती असे मला अजून वाटते.

आपल्या महाविद्यालयापुरते बोलायचे तर जिमखान्याचे मैदान चार ते सहा मुलींसाठी राखून ठेवा, आणि ती वेळ पाहुण्यांच्या मोटारी लावण्यासाठी मोडू नका. बाहेरगावच्या सामन्यांना सोबत जाण्याचा खर्च आणि माणूस महाविद्यालयाचा असू द्या. तो भार घरच्या धाकट्या भावावर टाकू नका. माजी खेळाडू मुलींना वर्षातून एकदा बोलवा. भाषणासाठी नव्हे, खेळण्यासाठी. अभ्यासाचे नुकसान होते ही तक्रार मी वीस वर्षे ऐकतो आहे. मुलांच्या क्रिकेटबाबत ती इतक्या कळकळीने कोणी केलेली मला आठवत नाही.

दिवाळीत ताईकडे गेलो होतो. तिला आता सासष्ट वर्षे पूर्ण झाली, गुडघे धरतात. आपल्या संघाबद्दल सांगितले तर तिने आधी विचारले, नेट किती उंच बांधता? म्हटले, दोन मीटर चोवीस सेंटिमीटर. तिने बसल्या बसल्याच दोन्ही हात डोक्यावर नेऊन बोटे पसरली आणि कुठेतरी वर पाहिले. मग हात खाली घेत म्हणाली, "त्यायच्यासंगं कोन जाते रे?"

म्हटले, यंदा मी नाव दिले आहे.