डोंगरावर नको, मिठागरातही नको. मग घर कुठे?

पावसाळा तोंडावर आला की मुंबईतल्या डोंगरउतारांवरच्या वस्त्यांमध्ये महापालिकेची माणसे येतात आणि नोटिसा लावून जातात. मजकूर दरवर्षी साधारण तोच असतो : ही जागा धोकादायक आहे, रहिवाशांनी सुरक्षित ठिकाणी निघून जावे, दुर्घटना घडल्यास प्रशासन जबाबदार राहणार नाही. सुरक्षित ठिकाण कोणते, तिथे भाडे किती, मुलांची शाळा कुठे, कामावर जायचे कसे, हे त्या कागदावर नसते. ज्या वर्षी दरड कोसळत नाही त्या वर्षी सगळेच सुटकेचा निःश्वास टाकतात आणि पुढच्या नोटिशीची वाट पाहतात.

ज्या वर्षी ती कोसळते, त्या वर्षांची यादी आपल्याला पाठ व्हायला हवी. १२ जुलै २०००, घाटकोपरचे आझादनगर : साठाहून अधिक मृत्यू. २६ जुलै २००५, साकीनाका : गाडली गेलेली कितीतरी घरे. २ जुलै २०१९, मालाड-कुरारचा पिंपरीपाडा : किमान ३१ मृत्यू. १८ जुलै २०२१ च्या एकाच रात्रीत चेंबूरच्या भारतनगरात १९ आणि विक्रोळीच्या सूर्यनगरात १०. माहितीच्या अधिकारात मिळालेल्या आकडेवारीनुसार १९९२ ते २०२१ या काळात मुंबईत दरडी कोसळून २९० माणसे मेली. मुंबई झोपडपट्टी सुधार मंडळाने २०१० साली पाहणी केली होती. ३२७ ठिकाणच्या २२,४८३ झोपड्या धोक्यात आहेत आणि त्यांपैकी ९,६५७ आधी हलवाव्यात, असे त्या पाहणीने सांगितले. भारतनगर आणि सूर्यनगरातली माणसे त्यानंतर अकरा वर्षांनी मेली. तेव्हा धोका माहीत नव्हता, असे शासनातल्या कुणालाही म्हणता येणार नाही.

आपल्या बैठकांत अजूनही एक प्रश्न येतो, की दरडी आणि खाड्या हा पर्यावरणवाल्यांचा विषय, झोपड्या हा निवारा संघटनांचा विषय, मग स्त्री संघटनांनी यात कशाला पडायचे? त्याचे उत्तर त्या वस्त्यांमधल्या रोजच्या जगण्यात आहे. वस्ती डोंगरावर जितकी वर, तितके तिथे पाणी उशिरा आणि कमी पोचते. ते हंडे-कळश्यांनी वर वाहून नेते ती बाई. संडास उताराच्या खालच्या अंगाला, म्हणून रात्री-अपरात्री निसरड्या पायवाटेने खाली उतरते ती बाई. घरकाम करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, घरात बसून शिवणकाम किंवा इमिटेशन ज्वेलरीचे मणी ओवणाऱ्या बायकांचे घर हेच कारखाना आणि गोदाम असते. पावसाचा जोर वाढला की पुरुष नाक्यावर थांबू शकतो. म्हातारी सासू, तान्हे मूल, गॅसची टाकी आणि कागदपत्रांची पिशवी सोडून बाई कुठे जाणार? आणि हीच बाई सकाळी त्याच डोंगराच्या पायथ्याशी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये धुणीभांडी करायला जाते. तिला दूर कुठे घर दिले तर घर मिळते, पण काम जाते. नोटीस वाचूनही ती हलत नाही याला अडाणीपणा किंवा हट्ट म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करून पाहावा.

डोंगर आपोआप कोसळत नाही, हेही नीट समजून घ्यायला हवे. मुंबईचे डोंगर काळ्या बसाल्टचे आहेत, पण वरचा थर झिजून मुरूम आणि मातीचा झालेला असतो. झाडे-झुडपे त्याला धरून ठेवतात. झाडे गेली, घर बसवण्यासाठी उतार कापून पायऱ्या केल्या, सांडपाण्याला गटार नाही म्हणून ते तिथेच मुरत राहिले, की माती आतून भिजते. दोन-चार दिवस पावसाची झड लागली की तिचे वजन वाढते, पकड सुटते आणि ती घसरते. पायथ्याशी खणले तर वरच्या मातीचा आधारच जातो. हे खोदकाम नेहमी झोपडीवालाच करतो असे नाही. रस्त्यांसाठी, खाणींसाठी, मोठ्या गृहसंकुलांसाठीही पायथे कापले जातात. संरक्षक भिंत हा यावरचा सरकारी उपाय. पण भिंतीमागे साचलेले पाणी बाहेर पडायला वाट ठेवली नाही, तर तीच भिंत पाण्याच्या दाबाने पडते आणि दरडीआधी माणसे मारते. पिंपरीपाड्यात पडली ती पालिकेच्या जलाशयाभोवतीची भिंत होती. भारतनगरातही घरांवर भिंतच कोसळली.

उतार सगळीकडे सारखाच, पण त्याची काळजी सारखी घेतली जात नाही. ऑगस्ट २०२० मध्ये मलबार हिलच्या खेर मार्गालगतचा उतार कोसळला. तिथे तज्ज्ञ आले, पाहण्या झाल्या, उताराचे मजबुतीकरण झाले. ते व्हायलाच हवे होते. आमचा प्रश्न इतकाच आहे, की जे ज्ञान आणि जो पैसा मलबार हिलच्या उतारासाठी मिळतो तो सूर्यनगरच्या उतारासाठी का मिळत नाही? तिथे नोटीस पुरेशी का मानली जाते?

आता डोंगरावरून खाली, खाडीकडे येऊ. घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात पश्चिमेला डोंगर आहे, मध्ये रेल्वे, आणि पूर्वेला द्रुतगती महामार्गापलीकडे मिठागरे, तिवरांची जंगले आणि ठाण्याची खाडी. डोंगरावर पडलेले पाणी शेवटी याच सखल जमिनीत उतरते. भरतीच्या वेळी खाडी ते आत घेत नाही. तेव्हा ओहोटी लागेपर्यंत ते मिठागरांत आणि तिवरांत पसरून थांबते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्याला थांबायला जागा नसली की शहराचे काय होते ते आपण पाहिले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिवरांची तोड म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे असे सांगितले. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. त्याच खाडीकाठच्या कोळी बायका पिढ्यानपिढ्या निवट्या, चिंबोऱ्या, कालवे गोळा करून घर चालवत आल्या. त्यांची मासळी कमी होत गेली त्याची नोंद मात्र कोणत्याच दर्जात होत नाही.

आणि याच कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंडच्या मिठागरांची २५५.९ एकर जमीन भाड्याच्या घरांसाठी घेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी घेतला. कुणासाठी? धारावीच्या पुनर्विकासात जे ‘अपात्र’ ठरतील त्यांच्यासाठी. अपात्र म्हणजे कोण, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. पोटमाळ्यावर भाड्याने राहणारी, ठरलेल्या तारखेनंतर आलेली, कागद पुरे नसलेली. नवऱ्याने टाकलेली, जिचे रेशनकार्ड अजून त्याच्या नावावर आहे ती. माहेरच्या नावाचा पुरावा सासरच्या नावाशी जुळत नाही ती. ज्यांच्याजवळ कागद नाही त्यांना शहराने ज्या जमिनीवर बांधू नये त्या जमिनीवर पाठवायचे, असा हा न्याय आहे. भराव टाकून मिठागर उंच केले की तिथले पाणी शेजारच्या जुन्या चाळींत आणि झोपड्यांत शिरणार. म्हणजे गरिबांचे पुनर्वसन करायचे ते दुसऱ्या गरिबांच्या घरात पाणी घालून.

यावर ठरलेले उत्तर येते : ‘तुम्हांला घरे हवीत की फ्लेमिंगो?’ हा प्रश्नच आपण नाकारला पाहिजे. पण नाकारताना इतिहासही विसरता येणार नाही. पर्यावरणवाद्यांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने मे १९९७ मध्ये बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. पुढच्या काळात हजारो घरांवर बुलडोझर फिरला. पात्र कुटुंबांनी सात हजार रुपये भरायचे होते. सुरुवातीला त्यांना जागा दाखवली गेली ती पार कल्याणकडे. पुढे निवारा हक्काच्या लढ्यातून चांदिवलीला संघर्षनगर उभे राहिले, पण सगळ्यांना घर मिळाले नाही. पैसे भरून वाट पाहणाऱ्यांपैकी काही कुटुंबे २०१९ सालीही पिंपरीपाड्यातच होती. भिंत पडली ती त्यांच्यावर. जंगल वाचवण्याचा आदेश आणि माणसांना घर देण्याचे आश्वासन एकाच निकालात होते. बुलडोझर लगेच आला, घर बावीस वर्षांत आले नाही.

म्हणून जंगल, डोंगर, खाडी यांच्यासाठी लढणाऱ्या मित्रमैत्रिणींना आमचे सांगणे आहे : तुमचे म्हणणे खरे आहे, पण वस्तीतल्या बायकांशी बोलल्याशिवाय कोर्टात जाऊ नका. आणि निवाऱ्यासाठी लढणाऱ्यांनाही सांगणे आहे : मिळेल त्या जागेवर घर, ही मागणी आता पुरेशी नाही. तानसा जलवाहिनीलगतच्या कुटुंबांना माहुलच्या रिफायनऱ्यांशेजारी नेऊन ठेवले, तेव्हा चार भिंती होत्या, पण हवा नव्हती. त्या विरोधात उभ्या राहिलेल्या आंदोलनात बायका पुढे होत्या. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावे लागले की माणसांना तिथे राहण्याची सक्ती करता येणार नाही.

मुंबईत घरांसाठी जमीनच नाही, हे मात्र खरे नाही. जमीन होती. १९९१ च्या नियमांप्रमाणे बंद गिरण्यांच्या जमिनीचा एक हिस्सा मोकळ्या जागेसाठी आणि एक हिस्सा म्हाडाच्या घरांसाठी मिळायचा होता. २००१ मध्ये नियम बदलून तो वाटा फक्त मोकळ्या पडलेल्या तुकड्यांपुरता उरवला गेला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. नागरी कमाल जमीनधारणा कायदा १९७६ सालचा. त्याखाली अतिरिक्त जमीन घेऊन घरे बांधता आली असती. महाराष्ट्राने २००७ मध्ये तो रद्द करून टाकला. शहराच्या मधली, सपाट, सुरक्षित जमीन अशी बाजाराला दिल्यानंतर उरले ते डोंगराचे उतार आणि खाडीचा काठ. गरीब माणूस धोक्याच्या जागी आपणहून गेला नाही. त्याला परवडणाऱ्या सुरक्षित जागा एकेक करून बंद झाल्या.

आणि ही गोष्ट मुंबईपुरती नाही. २०१४ मध्ये माळीण, २०२१ मध्ये तळिये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी. तिथले डोंगर वेगळे, माणसांची कथा वेगळी. पण आधी दुर्लक्ष, मग मृतांच्या वारसांना मदत, मग पुनर्वसनाची प्रतीक्षा, हा क्रम सगळीकडे सारखाच आहे.

म्हणून आपल्या संघटनांनी, महिला मंडळांनी, बचत गटांनी पुढील मागण्या घेऊन वॉर्ड ऑफिसवर जावे असे आम्हांला वाटते :

एक, धोकादायक उतारांची यादी आणि नकाशा मराठीतून प्रत्येक वस्तीत लावला जावा आणि पावसाळ्याआधी बायकांच्या बैठकीत वाचून दाखवला जावा. कोणता उतार सुधारता येतो आणि कुठून माणसे हलवावीच लागतील, हे तज्ज्ञांनी वस्तीसमोर येऊन सांगावे.

दोन, पर्यायी घराचा पत्ता नसलेली नोटीस आम्ही नोटीस मानणार नाही. पर्याय त्याच वॉर्डात किंवा कामाच्या टप्प्यात हवा. तोपर्यंत पावसाळ्यात राहायला शाळा-सभागृहे उघडी हवीत, आणि तिथे बायकांसाठी संडास, दिवे आणि पाणी हवे.

तीन, झोपडपट्टी पुनर्वसनात करारनामा पती-पत्नींच्या संयुक्त नावाने करण्याची तरतूद आहे. ती कागदावर किती आणि प्रत्यक्षात किती, याची पाहणी व्हावी. टाकलेल्या, विधवा, एकट्या राहणाऱ्या स्त्रियांना नवऱ्याच्या कागदांशिवाय पात्र धरावे. वस्तीतल्या शेजारणींची साक्ष पुरावा मानावी.

चार, डोंगरउतार, मिठागरे आणि तिवरे यांवर बांधकाम नको. झोपडी नको तसा टॉवरही नको. ‘खाडीचा नजारा’ विकणाऱ्या बिल्डरला एक नियम आणि डोंगरावरच्या बाईला दुसरा, हे चालणार नाही.

पाच, जिथे वस्ती आहे तिथे ती हलेपर्यंत पाणी, गटार आणि संडास द्यावेत. अनधिकृत वस्तीलाही पाणी नाकारता येणार नाही, असे उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्येच सांगितले आहे. सांडपाण्याला गटार मिळाले तर माती भिजणे कमी होते. म्हणजे ही सोय दरड रोखण्याचाही भाग आहे.

या मागण्या मान्य होईपर्यंत आणखी काही पावसाळे जातील, हे आम्ही जाणून आहोत. तोवर करता येण्यासारखे एक काम आहे. आपापल्या वस्तीतली घरे मोजा. कोणत्या घरामागचा उतार कापलेला आहे, कोणत्या भिंतीतून पाणी झिरपते, कोणत्या घरात म्हातारी माणसे आणि तान्ही मुले आहेत, कुणाच्या नावावर कोणता कागद आहे, हे वहीत लिहून काढा. कागदपत्रांच्या प्रती काढून दोन ठिकाणी ठेवा. पुढची नोटीस घेऊन पालिकेची माणसे येतील, तेव्हा आपल्या हातात ती वही असू द्या. त्यांनी विचारायच्या आधी आपण विचारू : ‘घर कुठे देता, कधी देता आणि कुणाच्या नावावर देता?’