कोयता आमचा, मुकादमी कुणाची?

बारामती-इंदापूर म्हटले की प्रस्थापितांना साखर कारखाने आणि उजनीचे पाणी आठवते. आम्ही आज या तालुक्यांच्या जमिनीखाली पाहतो आहोत. तिथे दख्खनचा काळा पाषाण आहे, लाव्हारसाचे थरावर थर. याच पाषाणाच्या मुलखात 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. पाषाणाखाली काय दडले आहे, हे जाणणे म्हणूनच चैन नव्हे.

ते कसे जाणतात? जमिनीला कृत्रिम हादरे देतात आणि खालून परतणाऱ्या लहरी उपकरणांनी टिपतात. पण या पाषाणात लहरी विखुरतात. असंख्य नोंदींतून खरा प्रतिध्वनी वेगळा काढणे एका संगणकाला झेपत नाही. एकाच कोयत्यावर ऊसतोड सोपवली तर हंगाम संपेल, फड संपणार नाही. मुकादम फड वाटून देतो, टोळी एकाच वेळी तोडते. समांतर संगणक म्हणजे अशीच टोळी. प्रत्येक प्रोसेसरला नोंदींचा एक वाटा, शेवटी सगळ्यांचे उत्तर एकत्र.

अमेरिकेने हवा तसा महासंगणक नाकारला, तेव्हा 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली. 1991 मध्ये 'परम 8000' तयार झाला. पुढे परम यंत्रांवर या लहरींची गणितेही सोडवली गेली. सारे जनतेच्या पैशातून. मग त्या यंत्रासमोर बसतो कोण?

केंद्राच्या आरक्षण नियमांतच पळवाट आहे. 'गट अ'च्या सर्वात खालच्या श्रेणीच्या वरची, संशोधन करणारी वा त्याला दिशा देणारी वैज्ञानिक-तांत्रिक पदे आरक्षणातून वगळता येतात. म्हणजे कोयता धरायला आमची माणसे चालतात, मुकादमी मात्र 'गुणवत्ते'च्या नावाने राखीव! 1942 ते 1946 या काळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेला दिशा दिली. त्यांच्या लेकरांना विज्ञान झेपत नाही, असे कुणी सांगू नये.

आमची मागणी साधी आहे. ही सूट रद्द करा. प्रत्येक सरकारी संशोधन संस्थेने वरच्या पदांची प्रवर्गनिहाय यादी जाहीर करावी. बारामती आणि इंदापूरच्या समाजकल्याण वसतिगृहांत समांतर संगणनाचे वर्ग सुरू करा. त्यासाठी कोट्यवधींचे यंत्र लागत नाही. चार साधे संगणक तारेने जोडले तरी शिकवता येते.

मते मागायला वस्तीत येणाऱ्यांना आधी हे विचारा.