मैदानावरच्या गप्पा : साखळीसाठी टाळ्या कोण वाजवणार?

बालमित्रांनो, कबड्डीचा सामना किती वेळ चालतो? तुम्ही लगेच म्हणाल, वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटांची विश्रांती. पुस्तकातलं उत्तर बरोबर आहे. पण आपल्या खानदेशात सामना एवढ्यात संपत नाही! शिट्टी वाजली, पंच घरी गेले, की खरा सामना सुरू होतो. चहाच्या टपरीवर, कॉलेजच्या फाटकापाशी, आणि जळगावहून पारोळामार्गे धुळ्याला जाणाऱ्या एस.टी.च्या मागच्या बाकावर. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे दिवस असले, तर विचारूच नका.

"भो, कोचच बदलायला पाहिजे! पोरं नुसती उभी राहू राहिली होती."

"कोच काय करेल रे? निवडच चुकली. आमच्या धुळ्याचा चांगला पोरगा बाहेर बसवला."

"तुमचाच काय चांगला? आमच्या जळगावचे दोन बसवले, ते दिसलं नाही का?"

हे भांडण आजचं नाही. एकेकाळी जळगाव जिल्हा म्हणजे पूर्व खानदेश आणि धुळे जिल्हा म्हणजे पश्चिम खानदेश. त्या पश्चिम खानदेशातूनच 1998 साली नंदुरबार वेगळा जिल्हा झाला. तिन्ही जिल्ह्यांची कॉलेजं मात्र एकाच विद्यापीठात येतात. 15 ऑगस्ट 1990 रोजी जळगावला स्थापन झालेलं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ ते हेच. 2018 पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव आहे. कॉलेजं आपसात कितीही लढोत, पुढे आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाताना विद्यापीठाचा संघ एकच जातो. जागा मोजक्या आणि दावेदार भरपूर! मग वाद होणारच.

वाद घालायला माझी ना नाही. ज्या खेळावर कोणी भांडत नाही, तो खेळ मरायला टेकला असं समजावं. पण या भांडणात एक गंमत आहे. नीट कान देऊन ऐका. सगळी चर्चा असते चढाईपटूची. त्याने किती गुण आणले, कुठे उडी मारली, कशी लाथ चालवली. पकड करणाऱ्यांचं नाव निघतं ते फक्त पकड फसली तर!

आता जरा आपल्या अर्ध्या मैदानात उभे राहून बघू या. समोरून एकटा चढाईपटू 'कबड्डी कबड्डी' करत येतो. त्याच्याजवळ तीस सेकंद असतात. आपण सात जण. दोन टोकांना दोन कोपरे, म्हणजे डावा आणि उजवा कॉर्नर. त्यांच्या शेजारी त्यांचे जोडीदार, त्यांना मैदानावर 'इन' म्हणतात. मग दोन कव्हर आणि मधोमध एक मध्यरक्षक. कॉर्नर आणि इन यांनी एकमेकांचा हात धरलेला असतो. हीच ती साखळी.

कॉर्नरचं काम घोटा किंवा मांडी धरण्याचं. कव्हरचं काम चढाईपटूची घरी परतण्याची वाट बंद करण्याचं. एकाने धरायचं आणि दुसऱ्याने दार लावायचं. यात अर्धा सेकंद चुकला तर काय होतं बघा. कॉर्नरने घाई केली, एकट्यानेच झेप घेतली. पाय हातात आला, पण कव्हर पोहोचलाच नाही. मग घाबरून तिघे धावले. चढाईपटूने त्या सगळ्यांना ओढत नेऊन मध्यरेषेला बोट टेकवलं. झालं! एका चढाईत चौघे बाद. प्रेक्षक म्हणतात, "वा, काय चढाई केली!" खरं तर ती आपल्या साखळीची फाटाफूट होती.

याच्या उलटही घडतं. साखळी शांतपणे मागे-पुढे सरकत राहते. कोणी आमिषाला भुलत नाही. चढाईपटू रिकाम्या हाताने परत जातो. मोठ्या सामन्यांत लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. म्हणजे दोन वेळा 'काहीच घडलं नाही' असं वाटतं, तेव्हा साखळीने त्याला कोंडीत पकडलेलं असतं. पण गुणपत्रकात त्या दोन शांत चढायांपुढे कोणाचंही नाव लागत नाही. टाळ्याही नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, असं फक्त कबड्डीतच होतं का? नाही बरं का! अमेरिकेत त्यांचा म्हणून एक फुटबॉल आहे. आपण खेळतो तो नव्हे. तिथे चेंडू लांबट असतो आणि बराचसा खेळ हातांनी चालतो. त्यात चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या पुढे पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे असतात. पुढे फेकलेला चेंडू झेलण्याची साधारणपणे त्यांना नियमानेच परवानगी नसते. त्यांचं काम एकच : समोरच्यांना अडवून धरायचं. तिथल्या विद्यापीठांच्या संघांचे चाहते या पाच जणांच्या प्रशिक्षकावरून तावातावाने वाद घालतात. कोणत्या शाळेतला कोणता पोरगा आपल्या विद्यापीठात येणार, यावरही त्यांचे तर्क चालतात. भाषा वेगळी, चेंडू वेगळा, पण कट्टा अगदी आपल्यासारखाच! फरक एवढाच, की तिथे त्या भिंतीसाठी वेगळा प्रशिक्षक असतो आणि लोक भिंतीवर भांडतात. आपण अजून फक्त चढाईवर भांडतो.

म्हणून आज आपण साखळीवर भांडू या.

समजा, विद्यापीठाच्या संघासाठी डावा कॉर्नर निवडायचा आहे. धुळ्याच्या एका कॉलेजात एक कॉर्नर आणि त्याचा इन तीन वर्षं हातात हात घालून खेळताहेत. एकाने खांदा हलवला की दुसऱ्याला कळतं, आता झेप येणार. जळगावच्या एका कॉलेजात दुसरा कॉर्नर आहे. ताकद जास्त, पकड घट्ट, पण त्याचा जोडीदार साधारण आहे. कोणाला घ्यायचं?

पहिला म्हणेल, जो सरस त्याला घ्या, यात विचार कसला? दुसरा म्हणेल, जोडी फोडू नका. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण सात उत्तम खेळाडू एकत्र केले म्हणजे उत्तम संघ झाला, असं होत नाही. चढाईपटू एकटा जातो. तो नव्या संघातही लवकर रुळू शकतो. पण अनोळखी हात धरून साखळी एका दिवसात बनत नाही. त्यामुळे फरक उन्नीस-बीसचा असेल, तर मी जोडी घेईन. फरक मोठा असेल, तर जळगावच्या पोराला घेईन आणि प्रशिक्षकाला सांगेन, "आता यांना सरावाला दिवस द्या." स्पर्धेच्या तोंडावर दोन दिवसांचं शिबिर घ्यायचं आणि हरल्यावर प्रशिक्षकावर खापर फोडायचं, हा न्याय नव्हे.

आणखी एक गोष्ट. ज्याचं कॉलेज पहिल्याच फेरीत हरलं, त्या संघातला कॉर्नर कोणी पाहिला? चढाईपटूने हरलेल्या सामन्यातही पंधरा गुण आणले, तर त्याचं नाव गाजतं. पण दुबळ्या साखळीत उभा असलेला चांगला कॉर्नर त्या साखळीबरोबरच बुडतो. निवड करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवं. निवड चाचणीत प्रत्येक कॉर्नरला दोन-तीन वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर उभं करून बघावं. मग 'आमचा-तुमचा' हा वाद पुष्कळ कमी होईल.

आता प्रशिक्षकाकडे वळू. चांगला प्रशिक्षक किती मोलाचा असतो, हे आपल्या शेजारच्या नाशिकच्या एका बाईंनी जगाला दाखवलं. त्यांचं नाव शैलजा जैन. नाशिकमध्ये त्यांनी अनेक वर्षं कबड्डी शिकवली. पुढे इराणने त्यांना आपल्या महिला संघाच्या प्रशिक्षक म्हणून बोलावलं. त्यांनी त्या मुलींच्या सरावात योगासनं आणि प्राणायाम आणले. 2018 साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत अंतिम सामना झाला भारत विरुद्ध इराण, आणि इराणने तो 27-24 असा जिंकला! त्याच स्पर्धेत इराणच्या पुरुषांनी उपांत्य सामन्यात भारताला 27-18 असं हरवलं. 1990 पासून आशियाई स्पर्धेतलं पुरुषांचं सुवर्णपदक दर वेळी आपलंच होतं. ते तेव्हा पहिल्यांदा सुटलं. इराणच्या त्या पुरुष संघात फझल अत्राचली हा डावा कॉर्नर होता. पुढे हांगझोऊच्या स्पर्धेत, 2023 साली, भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी दोन्ही सुवर्णपदकं परत आणली, ती गोष्ट वेगळी. पण 2018 चा धडा विसरायचा नाही.

बाजारालाही ते कळलं. 2014 साली प्रो कबड्डी सुरू झाली, आणि 2018 च्या लिलावात मुंबईच्या संघाने याच फझलसाठी एक कोटी रुपये मोजले. 2023 मध्ये पुणेरी पलटणने महंमदरेझा शादलू या इराणी बचावपटूला 2 कोटी 35 लाखांना घेतलं, आणि त्या हंगामाचं विजेतेपद पुण्याला आलं. पैशाचं कौतुक म्हणून हे सांगत नाही. ज्यांना जिंकायचं असतं, ते पकड करणाऱ्याची किंमत ओळखतात, एवढंच म्हणायचं आहे.

आता दोन शब्द आई-बाबांसाठी. मुलगा किंवा मुलगी घरी येऊन सांगते, "सरांनी मला कॉर्नरला ठेवलं." लगेच आपला चेहरा पडतो. "का रे, तुला चढाई देत नाहीत का? मी भेटतो सरांना." असं करू नका. एक तर, कॉर्नरला उभं करतात तो पोरगा धीराचा असतो म्हणून. दुसरं म्हणजे, शालेय स्पर्धेची पायरी सगळ्यांना सारखीच : तालुका, जिल्हा, मग नाशिक विभाग, मग राज्य. ठरावीक पातळीवर कामगिरी झाली, तर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. रेल्वे आणि पोलीस खातंही खेळाडूंना घेतं. संघ जिंकला, तर कॉर्नरचा वाटा चढाईपटूइतकाच. सरांना भेटाच, पण वेगळं विचारा : सराव रोज होतो का? पकडीचा सराव मऊ मातीवर किंवा मॅटवर होतो का? गुडघा दुखला तर विश्रांती मिळते का? आणि मुलींचा संघ दहावीनंतरही चालू राहणार का? शेवटचा प्रश्न जरा ठासून विचारा. कितीतरी चांगल्या साखळ्या तिथेच तुटतात.

आणि बालमित्रांनो, तुमच्यासाठी या आठवड्याचा गृहपाठ! घाबरू नका, गणित नाही. पुढचा सामना बघायला जाल तेव्हा सलग पाच चढाया चढाईपटूकडे बघायचंच नाही. नजर फक्त डाव्या कॉर्नरवर. त्याचे पाय कुठे आहेत? त्याने इनचा हात कधी सोडला? झेप घेण्याआधी त्याने कव्हरकडे पाहिलं का? चढाई रिकामी गेली, तर ती कोणामुळे गेली? वहीत लिहून ठेवा. मग कट्ट्यावर मोठी मंडळी भांडायला लागली, की हळूच म्हणा, "काका, दुसऱ्या डावातली ती तिसरी चढाई आठवते का? तिथे कव्हर मागे राहिला होता." बघा, सगळे कसे गप्प होऊन तुमच्याकडे बघतात ते!

आणि हो, चढाई रिकामी गेली की एकदा जोरात टाळ्या वाजवा. सगळे वळून तुमच्याकडे बघतील. बघू देत. साखळीतले सातजण मात्र ओळखतील, की या टाळ्या आपल्यासाठी आहेत.

बरंय तर मग, भेटू पुढच्या आठवड्यात, नव्या मैदानावर!