समाजकार्याची पदवी आणि कष्टकऱ्यांचा प्रश्न

समाजकार्य हा काय विद्यापीठात शिकण्याचा विषय आहे, असे चळवळीतील जुनेजाणते कार्यकर्ते अजूनही उपहासाने विचारतात. तुरुंग, मोर्चे आणि सेवा दलाच्या शाखा यांतून जे घडले त्यांना दोन वर्षांच्या पदवीचे हसू यावे, हे समजण्यासारखे आहे. पण दरवर्षी शेकडो तरुण-तरुणी ही पदवी घेऊन वस्त्यांमध्ये व रुग्णालयांत जातात. त्यांना काय शिकविले जाते, याविषयी उदासीन राहणे पक्षाला परवडणारे नाही.

या शिक्षणाची देशातील सुरुवात १९३६ साली मुंबईत झाली. नागपाड्यात काम करणारे अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने आणि टाटा न्यासाच्या पैशातून जे विद्यालय निघाले, तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने पाचशे वा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले आणि पदवीधरांना नोकरीची वाट मिळाली. कल्याण कामगारांचे, वेतन मात्र मालकाचे! २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावयास लावले, तेव्हा त्याच वाटेचा राजरस्ता झाला. आजचा पदवीधर कंपनीच्या प्रतिष्ठानाचा प्रकल्प अधिकारी होतो. तो प्रामाणिकही असतो. परंतु किती शौचालये बांधली, किती शिबिरे घेतली याचा हिशेब त्याला वस्तीला नव्हे, कंपनीला द्यावयाचा असतो.

दोष विद्यार्थ्यांचा नाही. अभ्यासक्रमात क्षेत्रकार्याला मोठे स्थान आहे आणि ही या शिक्षणाची सर्वांत मौल्यवान बाजू होय. प्रश्न आहे तो विद्यार्थ्याला कोणाच्या हाताखाली पाठविले जाते हा. अंगणवाडीत पाठविलेली विद्यार्थिनी कुपोषणाच्या नोंदी करते, मातांना सकस आहार समजावून सांगते. ज्या सेविकेजवळ ती बसते तिला वेतन नव्हे तर ‘मानधन’ मिळते, आणि ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य करून घेण्यासाठी एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला, याची नोंद तिच्या अहवालात क्वचितच येते.

याहून वेगळे घडू शकते, हे पुण्याने दाखविले आहे. १९९० च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातील अध्यापिका कचरा वेचणाऱ्या मुलींना अक्षरओळख करून द्यावयास गेल्या. मायलेकी पहाटेपासून कचराकुंड्या उपसत आहेत, हे पाहिल्यावर धुळाक्षरांच्या आधी कामाचा प्रश्न हाती घेणे भाग पडले. १९९३ साली बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. पालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे मिळाली. आणि २००८ मध्ये याच स्त्रियांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेशी पुणे महापालिकेने करार केला. विद्यापीठ येथे वस्तीकडून शिकले, आणि त्याची सुरुवात एका साध्या साक्षरता वर्गातून झाली.

दुसरा प्रश्न, हे शिक्षण घेणार कोण? फेब्रुवारी २०१८ मध्ये टाटा संस्थेच्या मुंबई, तुळजापूर, हैदराबाद व गुवाहाटी येथील विद्यार्थ्यांनी संप केला. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीस पात्र दलित, आदिवासी व इतर मागास विद्यार्थ्यांना संस्थेकडून मिळणारे अर्थसाह्य काढून घेण्याविरुद्ध तो होता. शिष्यवृत्ती कागदावर असते. ती हाती पडेपर्यंत शुल्क आधी भरा असे सांगितले की ऊसतोड कामगाराच्या मुलीचा प्रवेश तेथेच संपतो. आणि दुष्काळ, तांडा, पालावरचे जगणे हे जिला पुस्तकातून शिकावे लागत नाही, तीच वर्गाबाहेर राहते.

तेव्हा शिष्यवृत्तीपात्र विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी एक पैसाही घेऊ नये, शासनाने ती रक्कम वेळेवर द्यावी, ही मागणी युवक संघटनांनी लावून धरली पाहिजे. पण केवळ मागणी करून भागणार नाही. घरेलू कामगार, हमाल, अंगणवाडी सेविका यांच्या संघटनांची कार्यालये क्षेत्रकार्यासाठी खुली करणे आपल्याच हातात आहे. जिल्हा शाखांनी प्रवेश पूर्ण होताच जवळच्या महाविद्यालयाकडे तसे पत्र द्यावे, आणि येणाऱ्या विद्यार्थ्याला सतरंज्या उचलावयास न लावता सभासदांच्या तक्रारींची वही त्याच्या हाती सोपवावी.