दोन घरचा पाहुणा

गेल्या मार्गशीर्षात मुलुंडमधील आमच्या वाचनालयाच्या सभागृहात ‘निवृत्तांचा ऋतुवास’ या विषयावर एक व्याख्यान झाले. व्याख्याते स्थापत्यशास्त्राचे पदवीधर, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, बहुश्रुत आणि बोलण्यात गोड असे गृहस्थ आहेत. त्यांचे नाव येथे देण्याचे कारण नाही. माझा वाद त्यांच्या मताशी आहे, आणि ते मत आता त्यांच्या एकट्याचे राहिलेले नाही. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत ज्या ज्या बिऱ्हाडात कोणी अठ्ठावन्न किंवा साठ वर्षांची मर्यादा ओलांडून नोकरीतून मोकळे झाले आहे, तेथे तेथे ते संध्याकाळच्या चहाबरोबर ऐकावयास मिळते. सभेत मी उत्तर द्यावयास उठलो होतो. परंतु अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आणि आभारप्रदर्शन सुरू झाले. म्हणून हा लेखनप्रपंच.

पूर्वपक्ष प्रथम प्रामाणिकपणे मांडतो. व्याख्याते म्हणाले की, उपनगरातले घर आपण घेतले ते नोकरीसाठी. आगगाडीचे स्टेशन जवळ, मुलांची शाळा जवळ, एवढाच त्याचा गुण. नोकरी संपली, मुले पांगली, की त्या तीन खोल्यांशी स्वतःला बांधून घेण्याचे प्रयोजन संपले. मग पावसाळ्याचे चार महिने मुंबईत काढावे, कारण तेव्हा डॉक्टर हाताशी असलेला बरा; दसरा झाला की दापोलीकडे किंवा गुहागरकडे घेतलेल्या घरी जावे; आणि उन्हाचा ताप वाढला की पाचगणी-महाबळेश्वर गाठावे, किंवा मुलगा परदेशी असल्यास त्याच्याकडे जावे. पुढे त्यांनी पडद्यावर अमेरिकेची चित्रे दाखविली. तेथील उत्तरेकडच्या राज्यांतले आणि कॅनडातले निवृत्त लोक बर्फ पडू लागण्याच्या सुमारास चाकांवरची घरे हाकीत फ्लॉरिडाच्या किनाऱ्याकडे किंवा ॲरिझोनाच्या वाळवंटाकडे जातात आणि वसंतात माघारी येतात. त्यांस ‘स्नोबर्ड’, म्हणजे हिमपक्षी, असे नाव आहे. आपल्या राज्य सरकारनेही २०२१ साली कॅरॅव्हान पर्यटनाचे धोरण जाहीर केले असल्यामुळे तीही सोय आता आपल्या दाराशी आलीच आहे, असे त्यांनी सांगितले. शेवटी वानप्रस्थाश्रमाचा दाखला दिला, आणि टाळ्या पडल्या.

वानप्रस्थाचा दाखला दोन वाक्यांत निकालात निघतो. त्या आश्रमात मनुष्य असलेले घर सोडतो. हप्त्याने दुसरे घेत नाही.

व्याख्यात्यांचा खरा आदर्श ऋषी नसून लाटसाहेब होते, असे मला वाटते. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याचा गव्हर्नर थंडीत मुंबईस, कडक उन्हाळ्यात महाबळेश्वरी आणि पावसाळ्यात पुण्यास राहात असे. पुण्याच्या त्या पावसाळी मुक्कामासाठी गणेशखिंडीत जो वाडा बांधला, त्यात पुढे विद्यापीठ आले आणि निदान त्या वास्तूचे सार्थक झाले. तीन हवा भोगणाऱ्या त्या एका माणसामागे दफ्तरे उचलणारे, खानसामे, माळी, पहारेकरी असा किती गोतावळा तिन्ही ठिकाणी राबत असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. ऋतुवासाचा हा हिशेब आमच्या व्याख्यानात आला नाही. जो ऋतूबरोबर हलतो त्याची सोय जो हलत नाही तो करीत असतो, आणि मला बोलावयाचे आहे ते या दुसऱ्या माणसाविषयी.

ऋतुमानाप्रमाणे स्थलांतर करणे हेच वाईट, असे माझे म्हणणे आहे असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. ती चाल आपल्याकडे फार जुनी आहे, आणि ज्यांनी ती पाळली त्यांच्याविषयी मला आदर वाटतो. फलटण, बारामती, माण या कमी पावसाच्या मुलखातला धनगर दसरा-दिवाळी उलटली की मेंढरे घेऊन निघतो, घाट उतरून कोकणात येतो आणि पाऊस लागण्यापूर्वी पुन्हा देशावर पोचतो. कोकणचा पाऊस मेंढरास मानवत नाही आणि देशावर उन्हाळ्यात चारा नसतो; या दोन संकटांमधून त्याची वाट गेलेली आहे. संसार घोड्याच्या पाठीवर असतो, आणि तळ उठविण्याचे व पुन्हा मांडण्याचे काम बायका करतात. आता या परमुलखातल्या माणसाला कोकणातला शेतकरी आपल्या जमिनीत का उतरू देतो? भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात मेंढरे रात्रभर बसविली की त्या जमिनीस खत मिळते, आणि त्या खताच्या मोबदल्यात शेतकरी धनगराला भात किंवा पैसे देत आला आहे. पाहुणा उठून गेल्यावर शेत पहिल्यापेक्षा सकस झालेले असते. दुसरे उदाहरण घाटकोपर-मुलुंडच्या लोकांस सांगावयास नको. जैन साधू आठ महिने पायी फिरतात आणि पावसाचे चार महिने एके ठिकाणी राहतात. त्या चातुर्मासात आमच्या या उपनगरांतील उपाश्रयांत रोज सकाळी व्याख्यान चालते. मी त्या धर्माचा नाही. परंतु ज्या वस्तीत राहावयाचे तिला रोज काहीतरी द्यावयाचे, हा क्रम मला समजतो.

आमचा निवृत्त गृहस्थ कोणत्या शेतास खत देऊन जातो, एवढा एकच प्रश्न मला विचारावयाचा होता.

कोकणातल्या त्या दुसऱ्या घराकडे पाहा. आपल्या कायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्यास शेतजमीन सहसा विकत घेता येत नाही. म्हणून ती आधी ‘बिनशेती’ करून घेतात, तुकडे पाडतात, आणि त्या तुकड्यांवर बंगल्या उठतात. (सरकारी भाषेत क्वचित इतका चपखल शब्द सापडतो.) चार महिने दिवा लागतो, आठ महिने कुलूप असते. मागच्या एका खोलीत राखणदार नवराबायको राहतात. मालक येणार असे कळले की झाडलोट, विहिरीवरचा पंप, माशांची खरेदी, सारे त्यांच्याकडे. मालक गेला की पालापाचोळ्याचे धनीही तेच. गावच्या ग्रामसभेत हा नवा घरमालक बसत नाही, शाळेत पाऊल टाकीत नाही, आणि शेजाऱ्याच्या बांधावरून जाणारी पायवाट मात्र कुंपण घालून बंद करतो. कोकणातला चाकरमानी मुंबईत जन्म घालवूनही गणपतीला आणि शिमग्याला गावी जातो. पालखीला खांदा देतो, भावकीशी भांडतो. ते भांडणसुद्धा गावाशी असलेले एक नाते आहे. आमच्या बंगलीवाल्याचे गावात कोणाशी भांडण नसते, याचा त्याला अभिमान वाटतो.

आणि इकडच्या घराचे काय होते? ते माझ्या डोळ्यांपुढचे आहे. आमच्या इमारतीत चोवीस बिऱ्हाडे. बांधकाम जुने झाले आहे. पुनर्विकासाचा विचार चालू आहे. २०१९ च्या सरकारी निर्णयाप्रमाणे त्यासाठी बोलावलेल्या खास सभेस दोन तृतीयांश सभासद हजर असावे लागतात; आमच्या बाबतीत सोळा. वैशाखात सभा बोलाविली. काही अमेरिकेत, काही कोकणात, दोघे कर्जतच्या नव्या घरी, हजेरी तेरा. सभा तहकूब. तळमजल्यावर एक विधवा आजी एकट्या राहतात. गेल्या आषाढात त्यांच्या स्वयंपाकघराच्या छताचा गिलावा ओट्यावर पडला, कारण वरच्या मजल्यावरच्या मोरीतला नळ फुटून चार दिवस पाणी मुरत होते. वरचे बिऱ्हाड थंड हवेच्या ठिकाणी. किल्ली कोणाकडे ठेवलेली नाही. दूरध्वनी लागला तेव्हा उत्तर आले की, ‘आम्ही पंधरवड्याने येतोच आहोत.’ चार दिवसांनी इमारतीचे मुख्य पाणी बंद करून चोवीस बिऱ्हाडांनी बादल्या वाहिल्या. ते गृहस्थ दुष्ट नाहीत. परत आल्यावर त्यांनी आजींचे छत स्वखर्चाने नीट करून दिले. परंतु आजी ओट्याशी उभ्या असत्या तर काय झाले असते, हे त्यांच्या मनात आले किंवा नाही, मला ठाऊक नाही.

ही उपनगरे वसली कशी, याचा विसर पडल्यामुळे असे होते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा शहरातल्या ऐपतदार लोकांनी साष्टीच्या मोकळ्या हवेत धाव घेतली. त्यानंतरही अंधेरी-पार्ल्याकडे हवापालटासाठी घर भाड्याने घेण्याची रीत होती. म्हणजे आज आपण ज्यास सोडून पळतो ते ठिकाण एके काळी पळून येण्याचे होते. परंतु हवेसाठी आलेले ते लोक राहिले, आणि राहिल्यावर त्यांनी पुस्तकांची कपाटे विकत घेतली. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३ सालचा आहे. अंधेरी आणि घाटकोपर १९५० साली, बोरिवली आणि मुलुंड १९५७ साली बृहन्मुंबईत गेले. त्याच्या आधीपासून या गावांतून जी वाचनालये, व्याख्यानमाला, शाळा उभ्या राहिल्या त्या पगारी नोकरांनी उभ्या केल्या नाहीत. कचेरीतून परतल्यावर तास-दोन तास देणाऱ्यांनी आणि विशेषेकरून पेन्शनरांनी त्या चालविल्या. आमच्या वाचनालयाचे चिटणीस चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांच्या जागी येण्यास कोणी तयार नाही. त्या व्याख्यानाच्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी व्याख्यात्यांस खजिनदार होण्याची विनंती केली. ‘मी येथे चारच महिने असतो,’ असे सांगून त्यांनी हात जोडले.

अमेरिकेचा जो नमुना दाखविला तोही अर्धाच दाखविला. तेथील राष्ट्रीय उद्यानांतून आणि सरकारी वनांतून पुष्कळ निवृत्त जोडपी आपले चाकांवरचे घर उभे करावयास जागा मिळते त्याच्या बदल्यात तळाची देखरेख करतात, आल्यागेल्याची व्यवस्था पाहतात; ही धनगराचीच रीत झाली. आणि कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताचा सामान्य नियम असा की, सरकारी आरोग्यविम्याचा हक्क राखावयाचा तर कोणत्याही बारा महिन्यांत २१२ दिवसांहून अधिक प्रांताबाहेर राहता येत नाही. तेथील सरकार पाखराला विचारते की तुझे झाड कोणते. आमच्याकडे असे विचारणे असभ्यपणाचे मानतात.

आता मुलांकडे परदेशी जाणाऱ्यांविषयी. व्याख्यात्यांनी येथे एक विनोद केला: बाळंतपणासाठी न्यू जर्सीस जाणारी आई ही ‘विमानाने जाणारी दाई’ होय, खऱ्या ऋतुवासात तिची गणना नाही. सभा हसली, मला हसू आले नाही. बोरिवलीची जी बाई चैत्रात मुलीकडे जाते, मिळालेल्या सहा महिन्यांत नातवंडाला न्हाऊमाखू घालते, त्याच्याशी मराठीत बोलते आणि तिकडे थंडी पडण्याच्या आत परतते, तिची फेरीच मला साऱ्या ऋतुवासात सर्वांत सकस दिसते. तिच्या कष्टांची घरात पुरेशी कदर होते किंवा नाही, हा निराळा आणि गंभीर प्रश्न आहे. परंतु ती जेथे जाते तेथे तिची गरज असते, एवढे तरी व्याख्यात्यांनी कबूल करावयास हवे होते.

बायकांचा विषय निघालाच आहे तर घरची गोष्ट सांगतो. साठीस मला तीन वर्षे उरली आहेत, आणि मीही या मोहातून सुटलो नव्हतो. दापोलीजवळचा एक तुकडा मी पाहून आलो होतो. नकाशा घरी आणून जेवणाच्या टेबलावर पसरला. आमच्या सौभाग्यवतींनी तो शांतपणे पाहिला आणि विचारले, ‘स्वयंपाकघर कोठे आहे?’ मी दाखविले. ‘म्हणजे दोन झाली. तुम्ही निवृत्त व्हाल. मी कोणत्या नोकरीतून निवृत्त व्हावयाचे ते सांगा.’ त्यावर मी गडी ठेवण्याची गोष्ट काढली. ती म्हणाली, ‘किसणी येथे आणि नारळ तेथे, हे गड्याला नाही कळायचे.’ तिच्या एका मैत्रिणीची अशी तीन बिऱ्हाडे आहेत. त्या बाईला रात्री जाग आली की आपण कोणत्या घरात आहोत हे क्षणभर उमगत नाही, असे तिने हिला सांगितले होते. नकाशा मी गुंडाळून ठेवला. तो अजून कपाटावर आहे, हेही येथे लपवीत नाही.

दुसरे घर घेऊच नये असा फतवा मी काढीत नाही. माझा तो अधिकारही नाही. बोरिवलीचे एक शिक्षक दांपत्य माझ्या परिचयाचे आहे. पौषापासून वैशाखापर्यंत ती दोघे देवगडकडच्या एका खेड्यात राहतात आणि दहावीच्या मुलांना गणित व इंग्रजी शिकवितात. पावसाळ्यात बोरिवलीस येऊन आपल्या सोसायटीचे हिशेब लिहितात. निघताना किल्ली शेजारी देतात. दोन्ही ठिकाणी त्यांची वाट पाहिली जाते. आपल्या म्हणीत दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो. हल्ली पाहुणा जेवून उठतो आणि दोन्ही घरे उपाशी राहतात. या दांपत्याच्या बाबतीत मात्र कोणीच उपाशी राहात नाही. व्याख्यात्यांनी पुढल्या व्याख्यानात त्यांची माहिती सांगावयाचे ठरविल्यास मी ती आनंदाने पुरवीन.

आजींच्या छताच्या प्रकरणानंतर आमच्या इमारतीत बाहेरगावी जाणाऱ्याने किल्ली ठेवून जावे असा ठराव झाला, आणि कॉलेज वगळता मी कोठे जात नाही असे दिसून आल्यामुळे त्या मजकडे आल्या. हा लेख लिहितो आहे त्या टेबलाच्या खणात आज पाच घरांच्या किल्ल्या आहेत. प्रत्येकीला सुतळीने बांधलेली चिठ्ठी आहे: तुळशीला दिवसाआड पाणी, मीटरवाला येईल, पत्रे आली तर ठेवावीत. दुसऱ्या मजल्यावरचे बिऱ्हाड परवा सकाळी परत येते आहे. त्यांच्या खिडक्या उघडून हवा खेळती करावयाची आहे, आणि दुधाची एक पिशवी आणून ठेवावयाची आहे.