लेकरानं खंत घेतली

स्पॅनिश बोलणारा माणूस जिवलगाला ‘कारिन्यो’ म्हणतो; मायेलाही शब्द तोच. लॅटिन ‘कारुस’, म्हणजे प्रिय, यापासून तो आला असावा असं कुणालाही सहज वाटेल. पण जुआन कोरोमिनास या कॅटलान व्युत्पत्तिकाराने त्याचं मूळ ‘कारेरे’ या क्रियापदाकडे नेलं. कारेरे म्हणजे उणं असणं, नसणं. स्पेनच्या आरागोन भागात ‘कारिन्यार’ म्हणजे एखाद्यासाठी झुरणं. आधी झुरणं, मग माया.

बीड जिल्ह्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, केज, वडवणी, पाटोद्याकडून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, एखादी कोंबडी. मायबाप कारखान्यावर, लेकरू आजीपाशी. दोन-चार दिवसांत त्याचं जेवण सुटतं, अंग कढत लागतं, रस्त्यावर ट्रॅक्टर वाजला की ते दाराशी धावतं. आजी कपाळावर हात ठेवून म्हणते, “मायची खंत घेतली लेकरानं.”

छापील मराठीत खंत आता फक्त व्यक्त केली जाते. तिचा अर्थ खेद एवढाच उरलाय. घेतलेली खंत वेगळी. तिला माणूस लागतो, दूर गेलेला. ‘खंत घेतली’ असं पोराने निबंधात लिहिलं तर गुरुजींनी त्याखाली लाल रेघ ओढू नये, ही कळकळीची विनंती.

याच जिल्ह्यातल्या अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) ‘गीतार्णवा’त मराठीची बाजू मांडली ती मडक्यांच्या आधाराने. त्यांचं म्हणणं, संस्कृतात नुसतं ‘घट’. मराठीत डेरा निराळा, रांजण निराळा, सुगड निराळं. रोज हाताळणाऱ्यालाच हा फरक कळतो. झुरण्याचंही तसंच.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पोथ्या-शिलालेखांवर काम व्हावंच. पण ऊसतोडीच्या गावांत बसून आज्यांच्या तोंडचे शब्दही अख्ख्या वाक्यांसह उतरून घ्यावेत, त्यांचं मूळ शोधावं. गाळप संपून माय परतते तेव्हा लेकरू लगेच तिच्याकडे झेपावत नाही. आजीच्या पदराआडून नुसतं बघत राहतं. त्या बघण्याला तिकडे काय म्हणतात, हेही कुणीतरी विचारून यावं.